नेट फास्ट आहे, मग लॅपटॉपमधली फाईल हळू का जाते? नवीन प्लॅन घेण्याआधी हे तपासा

लग्नसराईत फोटो-व्हिडिओ शूटिंगच्या दुकानांत हा प्रसंग नेहमीचा. कार्यक्रम आटोपून पोरं रात्री दुकानात येतात. कॅमेऱ्याची कार्डं लॅपटॉपमध्ये रिकामी केलेली असतात. आता तो ४० जीबीचा फोल्डर वायफायवरून एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर टाकायचा असतो. कॉपी सुरू होते आणि स्क्रीनवर आकडा येतो, साडेतीन तास बाकी. दोन तास झाल्यावर लाईट जाते, राऊटर बंद पडतो आणि कॉपी अर्ध्यावर तुटते.

हीच अडचण सेवा केंद्रात स्कॅन केलेली कागदपत्रं दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवताना येते. शाळेच्या ऑफिसात आणि दूध डेअरीच्या हिशेबाच्या टेबलावरही येते. सगळीकडे पहिला संशय एकच असतो, "नेट स्लो झालंय." मग महिन्याला दोन-तीनशे रुपये जास्त देऊन मोठा प्लॅन घेतला जातो. कुणी नवीन लॅपटॉपच्या चौकशीला लागतं. पैसे जातात, पण फाईल आधी सरकत होती तशीच सरकते. कारण गडबड इंटरनेटमध्ये नसते, ती आपल्याच खोलीत असते.

ही फाईल इंटरनेटवर जातच नाही

एकाच राऊटरला जोडलेल्या लॅपटॉपवरून कॉम्प्युटरवर फाईल पाठवली, तर ती लॅपटॉपमधून राऊटरला जाते आणि राऊटरमधून थेट दुसऱ्या कॉम्प्युटरला मिळते. ती घराबाहेर पडत नाही. गावातल्या गावात धान्याचं पोतं एका घरातून दुसऱ्या घरी न्यायचं असेल, तर तालुक्याला जाणारा रस्ता कितीही रुंद केला तरी काय उपयोग? इथेही तसंच आहे. गावातलं इंटरनेट पूर्ण बंद असलं, तरी राऊटर चालू असेपर्यंत ही कॉपी चालू राहते. यात डेटा पॅकही खर्च होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल किंवा गूगल ड्राईव्हवरून पाठवलेल्या फाईलचं मात्र तसं नाही. ती आधी इंटरनेटवरून लांबच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत येते. तिथे प्लॅनचा वेग कामाला येतो. म्हणून आपण फाईल कोणत्या वाटेनं पाठवतोय हे आधी ओळखायला हवं.

आकड्यांचा घोळ: एमबीपीएस वेगळं, एमबी वेगळं

राऊटरच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असतं आणि कॉपी करताना स्क्रीनवर सेकंदाला ८ किंवा १० एमबी दिसतात. मग दुकानदारानं फसवलं असं वाटतं. पण दोन्ही मापं वेगळी आहेत. नेटवर्कचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये सांगतात. फाईलचा आकार मेगाबाइटमध्ये, म्हणजे आपण रोज म्हणतो त्या एमबीमध्ये मोजतात. ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणून नेटवर्कच्या आकड्याला आठानं भागायचं.

१०० एमबीपीएसच्या वायरवरून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबी जाऊ शकतात. प्रत्यक्षात ११ च्या आसपास मिळतात. १००० एमबीपीएसच्या, म्हणजे गिगाबिट वायरवरून ११० च्या आसपास मिळतात. आता ४० जीबीच्या फोल्डरचा हिशेब करून बघा:

- सेकंदाला ३ एमबी वेग असेल तर पावणेचार तासांच्या आसपास
- सेकंदाला ११ एमबी असेल तर सुमारे एक तास
- सेकंदाला ११० एमबी असेल तर सहा-सात मिनिटं

फोल्डर तोच, लॅपटॉपही तोच. पावणेचार तास आणि सात मिनिटं यांतला फरक फक्त वाटेचा आहे. मात्र हे हिशेब मोठ्या फाईलींसाठी आहेत. बारीक फाईलींची गोष्ट पुढे येते.

सगळ्यात अरुंद जागा शोधायची

चार इंची पाइपलाइनमध्ये मध्येच एक इंचाचा तुकडा बसवला, तर शेतात पाणी एका इंचाच्या हिशेबानंच पडणार. फाईलचंही तसंच आहे. ती लॅपटॉपच्या डिस्कमधून निघते, वायफायनं किंवा वायरनं राऊटरमध्ये येते, तिथून दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जाते आणि शेवटी त्याच्या डिस्कवर लिहिली जाते. यातला जो टप्पा सगळ्यात हळू, तोच सगळ्या कामाचा वेग ठरवतो. बाकीचे टप्पे कितीही भारी असले तरी फरक पडत नाही.

तो टप्पा शोधायला अंदाज लावत बसू नका, मोजा. एक जीबीच्या आसपासची एकच व्हिडिओ फाईल घ्या आणि प्रत्येक वेळी तीच वापरा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशानं पडला ते कळणार नाही. सुरुवातीचे काही सेकंद स्क्रीनवर वेग फुगलेला दिसतो, त्याकडे लक्ष देऊ नका. मोबाइलवर घड्याळ लावून पूर्ण फाईल जायला किती वेळ लागला तेवढं कागदावर लिहा. चाचण्या या क्रमानं करा:

१. फाईल लॅपटॉपमधल्याच एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करा. इथेच वेळ लागत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नका, अडचण डिस्कची आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही हीच चाचणी करा.

२. आता नेहमीच्या जागेवरून वायफायनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाठवा आणि वेळ लिहा.

३. लॅपटॉप उचलून राऊटरपासून पाच-सहा फुटांवर आणा आणि परत पाठवा. वेळ बराच कमी झाला तर अडचण अंतराची किंवा भिंतीची आहे.

४. लॅपटॉपला वायर लावा, वायफाय बंद करा आणि परत पाठवा. वेळ एकदम घसरला तर अडचण वायफायची होती हे नक्की.

पाठवण्याच्या चाचणीत एक जीबीला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर वायफाय कमजोर समजा. दीड मिनिटाच्या आसपास लागत असेल तर बहुतेक १०० च्या वायरवर किंवा १०० च्या पोर्टवर गाडी अडली आहे. दहा-बारा सेकंदांत काम झालं तर सगळं ठीक आहे, आणखी खर्च करू नका.

वायफाय: एकच फाईल दोनदा हवेतून जाते

लॅपटॉप आणि कॉम्प्युटर दोन्ही वायफायवर असतील, तर फाईल आधी लॅपटॉपवरून राऊटरला हवेतून जाते. मग राऊटरवरून कॉम्प्युटरला परत हवेतूनच जाते. एका वेळी एकानंच बोलायचं, असा वायफायचा नियम आहे. त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. दोघांपैकी एकाला जरी वायर लावली तरी हा मार बराच कमी होतो. एडिटिंगचा कॉम्प्युटर जागचा हलत नाही, म्हणून पहिली वायर त्यालाच लावा. सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारा उपाय हाच आहे.

दुसरी गोष्ट बँडची. वायफाय दोन प्रकारच्या लहरींवर जास्त चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब पोचतं, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण हळू असतं. शेजाऱ्यांचे राऊटर, ब्लूटूथचे स्पीकर अशी सगळी गर्दीही तिथेच असते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण एक-दोन भिंती मध्ये आल्या की दम तोडतं. राऊटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतील तर ५ वरच जोडा.

इथे एक गैरसमज होतो. वायफायच्या नावापुढे "५जी" लिहिलेलं असतं, ते मोबाइलचं फाईव्ह-जी नव्हे. त्याचा अर्थ फक्त ५ गिगाहर्ट्झ. त्यासाठी फाईव्ह-जी मोबाइल किंवा सिम लागत नाही. मात्र राऊटर आणि लॅपटॉप दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ चालायला हवं. स्वस्तातल्या बऱ्याच राऊटरमध्ये ते नसतं.

आपण कशावर आहोत हे विंडोजमध्येच दिसतं. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट उघडा, वायफायवर जा आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज बघा. तिथे नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड लिहिलेलं असतं. समजा, बँड २.४ आणि लिंक स्पीड ७२ दिसला. आठानं भागले की आले ९. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळतात, म्हणजे साडेचार. दोन्ही बाजूला वायफाय असेल तर तेही निम्मे. राहिले दोन-अडीच एमबी. स्क्रीनवर दिसणारे रात्रभराचे तास इथून येतात.

राऊटर कुठे ठेवलाय हेही बघा. लोखंडी कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा पत्र्याला टेकून ठेवलेला राऊटर अर्धा वेग तिथेच गमावतो, कारण धातू लहरी अडवतो. जाड दगडी किंवा मातीच्या भिंतीही अडवतात. राऊटर उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. त्याच वायफायवर सीसीटीव्ही कॅमेरे जोडलेले असतील तर ते दिवसरात्र चित्र पाठवत असतात. शक्य असेल तर त्यांना वायर ओढून घ्या.

वायर लावली तरी ११ च्या वर जात नाही?

वायर लावल्यावरही वेग सेकंदाला ११ एमबीवर येऊन थांबला, तर समजायचं की जोडणी १०० एमबीपीएसवर झाली आहे. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेटवर गेलं की लिंक स्पीड १०० आहे की १००० ते कळतं. १०० दिसत असेल तर कारणं बहुतेक तीनच असतात.

पहिलं कारण राऊटर. बऱ्याच साध्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, मग वायफायचा आकडा खोक्यावर कितीही मोठा छापलेला असो. घेताना "गिगाबिट पोर्ट आहेत का?" एवढंच विचारा. जुना राऊटर टाकून द्यायची गरज नाही. एक छोटा गिगाबिट स्विच घेऊन दोन्ही मशीन त्याला जोडली आणि स्विचमधून एक वायर राऊटरला दिली, तर फाईली स्विचमधूनच पूर्ण वेगानं जातात.

दुसरं कारण वायर. नेटवर्कच्या वायरमध्ये आठ बारीक तारा असतात. १०० च्या वेगाला त्यातल्या चारच लागतात, पण गिगाबिटला आठही लागतात. एक तार उंदरानं कुरतडली किंवा पिन नीट बसली नाही, तरी वायर "चालू" दिसते. दिवेही लुकलुकतात, पण वेग गुपचूप १०० वर उतरतो. अशा वेळी दुसरी वायर लावून बघा किंवा सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडून दोन्ही टोकांच्या पिना नव्यानं क्रिंप करून घ्या. वायर कॅट फाईव्ह-ई किंवा कॅट सिक्स लिहिलेली घ्या. ती १०० मीटरपर्यंत चालते.

तिसरं कारण यूएसबीचं जोडयंत्र. पातळ लॅपटॉपला वायरचा पोर्टच नसतो, म्हणून यूएसबी लॅन अडॅप्टर लावतात. स्वस्त अडॅप्टर बरेचदा १०० चा असतो. गिगाबिट अडॅप्टर घ्या आणि तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये लावा. हा पोर्ट बऱ्याच मशीनवर आतून निळा असतो.

नेटवर्क चांगलं, पण डिस्क दमते

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कॉपी चालू असताना त्यातल्या परफॉर्मन्समध्ये बघा. डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल आणि नेटवर्कची रेघ खालीच असेल, तर अरुंद जागा डिस्क आहे. जुन्या लॅपटॉपमधल्या फिरत्या हार्डडिस्कचं असं होतं. नवीन लॅपटॉप घेण्याऐवजी त्यात एसएसडी बसवली तरी बरंच काम भागतं. डिस्क काठोकाठ भरली असेल तर आधी जागा करा.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून त्यावरूनच फाईली नेटवर्कवर पाठवू नका. राऊटरच्या मागे पेनड्राइव्ह लावूनही मोठा वेग मिळत नाही, कारण साध्या राऊटरचा मेंदू त्या कामासाठी बनलेला नसतो.

दुसऱ्या कुणाचं काम त्याच वेळी चालू आहे का, तेही बघा. विंडोजचा अपडेट, वनड्राइव्हचं आपोआप अपलोड, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन. ही कामं संपू द्या किंवा थोडा वेळ थांबवा. पण फाईल लवकर जावी म्हणून अँटिव्हायरस किंवा फायरवॉल बंद करू नका. शंभर जणांचे पेनड्राइव्ह लागणाऱ्या दुकानात ते अंगाशी येतं.

एक मोठी फाईल आणि हजार बारक्या फाईली

एक जीबीचा एकच व्हिडिओ झटकन जातो. पण एक जीबीचेच हजारो छोटे फोटो किंवा स्कॅन केलेली पानं रेंगाळतात. कारण प्रत्येक फाईलमागे दोन्ही मशीनचं बोलणं होतं: फाईल उघडली, नाव लिहिलं, पोचली, बंद केली. पोत्यातले दाणे एक एक करून मोजून देण्यासारखं हे आहे. अशा वेळी फोल्डरची एक झिप फाईल करून ती पाठवा आणि पलीकडे उघडा. फोटोंचा आकार त्यानं फारसा कमी होत नाही, पण हजार फेऱ्यांच्या जागी एकच फेरी होते.

लॅपटॉप चार्जिंगला लावा, झाकण उघडं ठेवा

बॅटरीवर चालताना लॅपटॉप वीज वाचवायला वायफायची ताकद कमी करू शकतो. मोठी कॉपी असेल तर चार्जर लावूनच करा. झाकण मिटलं की बहुतेक लॅपटॉप झोपतो आणि कॉपी थांबते. स्लीपची वेळ तेवढ्यापुरती वाढवून ठेवा.

मोबाइलचं काय?

घरी राऊटर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट चालतो. दोन मशीन एकाच हॉटस्पॉटला जोडून आपसात फाईल पाठवली, तर त्या फाईलचा डेटा पॅकमधून कापला जात नाही. मात्र त्याच वेळी लॅपटॉपचा अपडेट सुरू झाला तर तो पॅक खातो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड ५ गिगाहर्ट्झ करता येत असेल तर करा.

मोबाइलमधले व्हिडिओ लॅपटॉपवर घ्यायला ब्लूटूथ वापरू नका. त्यानं एक जीबीला तासाहून जास्त लागू शकतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये क्विक शेअर असतं, विंडोजसाठीही ते मिळतं. नाहीतर सरळ केबल लावा. केबल मात्र डेटाची हवी, कारण काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात.

दोन मशीन एकमेकांना दिसतच नसतील तर दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना, ते बघा. राऊटरचं गेस्ट नेटवर्क मुद्दाम मशीन एकमेकांपासून लपवतं.

वेगाआधी फाईल जपा

लग्न परत लागत नाही आणि हळदीचं शूटिंग दुसऱ्यांदा होत नाही. म्हणून नेटवर्कवरून फाईल पाठवताना कट-पेस्ट कधीच करू नका, नेहमी कॉपी करा. कट केल्यावर मध्येच लाईट गेली तर अर्ध्या फाईली इकडे आणि अर्ध्या तिकडे होतात. कुठली पोचली आणि कुठली राहिली हे शोधण्यात रात्र जाते.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडा. फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा. पलीकडच्या दोन-चार फाईली चालवून बघा, शेवटची तर नक्कीच. त्यानंतरच लॅपटॉपवरचं पुसा आणि कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करा. लाईटचा भरवसा नसलेल्या गावात लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण राऊटर आणि टेबलावरचा कॉम्प्युटर बंद पडतो. दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. निदान राऊटर, स्विच आणि कॉम्प्युटर एकाच यूपीएसवर ठेवा. फोल्डर एकदम न टाकता हळद, लग्न, वरात असे भाग करून टाकले, तर तुटलं तरी एकच भाग परत टाकावा लागतो.

घाईच असेल तर एक साधा मार्गही विसरू नका. कॅमेऱ्याचं कार्ड थेट एडिटिंगच्या कॉम्प्युटरला यूएसबी ३ च्या रीडरनं लावलं, तर नेटवर्कची गरजच उरत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर क्रम असा ठेवा. आधी लॅपटॉप राऊटरजवळ आणून बघा, त्याला पैसे लागत नाहीत. मग एक चांगली वायर. मग गिगाबिट स्विच. मग जुन्या लॅपटॉपला एसएसडी. बहुतेकांचं काम वायरवरच भागतं. आणि इंटरनेटचा प्लॅन या यादीत कुठेच येत नाही.